‘ठेका’ : एका आनंदी शब्दाचें कूळ

आजच्या भाषणासाठीं मीं जो शब्द निवडला आहे तो अवघ्या दोन अक्षरांचा आणि रोजच्या वापरांतला आहे. तो शब्द म्हणजे ‘ठेका’. एखादें पद कानीं पडतें न पडतें तोंच आपलें बोट मांडीवर आपटूं लागतें, तेव्हां आपण म्हणतों, ‘काय सुंदर ठेका आहे!’ रांगतें मूल टाळ्या वाजवूं लागलें कीं घरांतील आजी कौतुकानें म्हणते, ‘पाहा, कसा ठेका धरला आहे!’ उलट एखादा गायक चांगला सुरेल असूनहि मैफल रंगत नाहीं, तेव्हां ‘ठेका जमला नाहीं’ असा शेरा आपण मारतों. ‘ताल’ हा शब्द शास्त्राचा वाटतो, ‘लय’ हा शब्द काव्याचा वाटतो. पण ‘ठेका’ म्हटलें कीं त्यांत उल्हास आलाच. रस्त्याचें काम मक्त्यानें घेणाराला आपण ठेकेदार म्हणतों आणि एखाद्या गाण्याच्या चालीलाहि ठेकेदार म्हणतों. परंतु त्या पहिल्या ठेक्याशीं आज आपणांस कर्तव्य नाहीं.

हा उल्हास या शब्दांत आला कोठून, एवढाच आजचा प्रश्न आहे. सामान्य समजूत अशी आहे कीं, उल्हास हा वेगाचा परिणाम. जें गाणें जलद, तें ठेक्याचें. जें संथ, तें कंटाळवाणें. परंतु या शब्दाचें आणि त्याच्या भाऊबंदांचें कूळ शोधूं लागलें म्हणजे निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. हे सर्व शब्द वेगाच्या घरचे नसून विसाव्याच्या घरचे आहेत. ही गोष्ट नुसत्या पंडिती कुतूहलाची नाहीं. मुलांना शिकवितांना आणि गाणें ऐकतांना तिचा प्रत्यक्ष उपयोग आहे, असें मला वाटतें.

प्रथम संगीतांतील अर्थ पाहूं. एखाद्या तालाच्या मात्रा ठराविक बोलांनीं भरून तबलजी तेंच आवर्तन पुन्हां पुन्हां वाजवितो. त्या बोलांच्या मांडणीला ठेका म्हणतात. त्रिताल घ्या. त्याच्या मात्रा १६ आणि चार-चार मात्रांचे विभाग ४. बोल असे आहेत : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिली मात्रा ही सम आणि नववी ही खाली. हातानें ताल देणारा १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी देतो आणि नवव्या मात्रेवर हात नुसता बाजूला करतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं आपल्या लेखनपद्धतींत समेला गुणाकाराची फुली आणि खालीला शून्य अशीं चिन्हें योजिलीं, तीं आज संगीताच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. आतां बोलांकडे कान द्या. पहिल्या दोन विभागांत डग्ग्याचा घुमारा भरलेला आहे. तिसऱ्या विभागांत ‘तिं तिं ता’ येतांच तो घुमारा थांबतो, आणि चौथ्या विभागांत ‘धिं धिं धा’ म्हणत परत येतो. घरून निघावें, थोडें दूर जावें आणि ओळखीच्या वाटेनें परतावें, असा हा सोळा पावलांचा फेरा आहे.

दादऱ्याचा फेरा याहून लहान. मात्रा ६, विभाग तीन-तीनांचे दोन : धा धी ना, धा ती ना. झोपाळा पुढें जातो आणि मागें येतो तसा. केरव्याच्या मात्रा ८, विभाग चार-चारांचे दोन : धा गे ना ती, न क धी ना. हा मात्र झोपाळा नव्हे. ही पायांची चाल आहे. कोणाची चाल, तें पुढें सांगणार आहें.

आतां शब्दांच्या कुळाकडे वळूं. ठेक्याच्या आधीं ‘ताल’ घेतला पाहिजे, कारण तो घरांतील वडील माणूस आहे. ‘ताल’ शब्दाची एक व्युत्पत्ति पुष्कळांच्या तोंडीं असते. ‘ता’ म्हणजे शंकराचें तांडव आणि ‘ल’ म्हणजे पार्वतीचें लास्य. दोन्ही मिळून ताल. कल्पना रम्य आहे, भाविक मनाला रुचणारी आहे. परंतु व्याकरणाचा तिला आधार नाहीं. जुने शब्द अशा रीतीनें दोन नांवांचीं आद्याक्षरें जोडून बनत नसतात. याहून अधिक विचार करण्यासारखें मत शार्ङ्गदेवाचें आहे. तेराव्या शतकांत देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, सिंघण यादवाच्या पदरीं हा पंडित होता. त्याचें घराणें काश्मीरांतून दक्षिणेंत आलेलें, आणि तो स्वतः दरबारच्या हिशेबखात्यांतील अधिकारी. ‘संगीतरत्नाकर’ या त्याच्या ग्रंथाचे सात अध्याय आहेत. त्यांतील पांचवा सबंध तालावर आहे. तेथें त्यानें ‘ताल’ हा शब्द ‘तल्’ या धातूपासून काढिला असून त्या धातूचा अर्थ प्रतिष्ठा, म्हणजे स्थिर पायावर उभें राहणें, असा घेतला आहे. गायन, वादन आणि नृत्य हीं तिन्ही ज्याच्यावर उभीं राहतात तो ताल, असा त्याचा आशय. इमारत कितीहि उंच असो, तिची प्रतिष्ठा तळाशीं असते, हें हिशेबनीसाला सांगावयास नकोच!

या ‘ताल’ शब्दानें मराठींत आल्यावर मोठा संसार थाटला. ‘ल’चा ‘ळ’ होऊन ‘ताळ’ झाला; त्यापासून ताळतंत्र आणि ताळमेळ आले. ‘त’चा ‘ट’ होऊन वारकऱ्यांच्या हातांतील टाळ झाला, आणि नुसत्या हातांनीं वाजली ती टाळी झाली. एखादा मनुष्य बेफाम वागूं लागला म्हणजे त्यानें ताळ सोडला असें आपण म्हणतों. त्यानें वेग सोडला असा त्याचा अर्थ नव्हे. वेग तर त्याचा वाढलेलाच असतो. त्यानें उभें राहावयाची जागा सोडली, असा त्याचा अर्थ आहे. शार्ङ्गदेवानें संस्कृतांत जें सांगितलें तेंच आपल्या घरांतील अक्षरशत्रु वृद्धांनींहि एका वाक्प्रचारांत सांगून ठेविलें आहे.

दुसरा शब्द ‘लय’. हा ‘ली’ धातूपासून निघाला. त्याचा अर्थ चिकटणें, मिसळून जाणें, विसावणें. लीन आणि प्रलय हे त्याचेच वंशज. पण त्याचा सर्वांत ओळखीचा वंशज आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे आणि तरीहि तो आपल्या ध्यानांत येत नाहीं : तो म्हणजे ‘आलय’. आलय म्हणजे जेथें येऊन विसावावें तें ठिकाण, म्हणजेच घर. बर्फ जेथें विसावलें तो हिमालय, आणि माझें उभें आयुष्य ज्यांत गेलें तें विद्यालय. लय आणि आलय हे एका धातूचे आहेत हें कळल्यावर शार्ङ्गदेवाची लयीची व्याख्या चमत्कारिक वाटत नाहीं. तो म्हणतो कीं, एक क्रिया झाल्यानंतर जी विश्रांति असते तिचें नांव लय. म्हणजे टाळी ही लय नव्हे. एका टाळीनंतर दुसरी टाळी पडेपर्यंत जो अवकाश राहतो ती लय. तो अवकाश अल्प असला म्हणजे द्रुत लय, त्याच्या दुप्पट असला म्हणजे मध्य, आणि मध्याच्या दुप्पट झाला म्हणजे विलंबित. जलद लयींतहि विश्रांति असतेच, फक्त ती लहान असते, ही गोष्ट येथें नीट लक्षांत ठेवावी.

आतां प्रत्यक्ष ‘ठेका’. हा शब्द संस्कृत ग्रंथांतून उतरलेला नाहीं. तो लोकांच्या बोलींतून वर आलेला आहे. टेकणें, टेक, टेकू या शब्दमंडळींत त्याची गणना होते. भिंतीला पाठ टेकतात, कललेल्या छपराला टेकू देतात. हिंदींत गाण्याच्या ज्या ओळीवर पुन्हां पुन्हां यावयाचें असतें तिला ‘टेक’ म्हणतात. या घराण्यांत ‘ट’ आणि ‘ठ’ यांची अदलाबदल होते. हिंदी कोशांत ‘ठेका’ शब्दाचे अर्थ पाहिले तर आधार, थांबावयाची जागा आणि तबल्यावर दिलेला ताल, हे तिन्ही आढळतात. संगीतांतील ठेका हा त्या आधाराचाच एक प्रकार, हें यावरून उघड होतें. ताल म्हणजे उभें राहणें, लय म्हणजे विसावणें आणि ठेका म्हणजे टेकणें. तीन निराळ्या वाटांनीं आलेले शब्द एकाच उंबरठ्यावर भेटतात!

इंग्रजी शिकलेले श्रोते येथें एक शंका घेतील. ‘रिदम’ हा शब्द ग्रीक भाषेंतला असून त्याचें मूळ वाहणें या अर्थाच्या धातूंत आहे, असें शिकवीत असत. लाटांच्या येण्याजाण्यावरून माणसाला हा शब्द सुचला, असा खुलासाहि देत. मग आपले शब्द थांबण्याचे आणि त्यांचा शब्द वाहण्याचा, असें कसें? याचा उलगडा एमिल बांव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानें १९५१ सालीं केला. जुन्या ग्रीक लेखनांतील प्रयोग तपासून त्यानें असें दाखविलें कीं, लाटांशीं या शब्दाचा संबंध नाहीं. हलणाऱ्या वस्तूला एखाद्या क्षणीं जो आकार येतो, त्याला प्राचीन ग्रीक हा शब्द लावीत. म्हणजे तेथेंहि नुसतें वाहणें नाहीं. वाहण्याला आलेली घडण आहे.

पण आधारांत आनंद मानण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. याचें उत्तर आपल्या अपेक्षेंत आहे. ठेका दोन-चार फेरे ऐकला कीं पुढची थाप केव्हां पडणार हें मनाला आधींच कळूं लागतें. मन त्या जागेकडे धांव घेतें, आणि नेमक्या त्याच क्षणीं थाप पडते. वाट पाहिलेलें माणूस वेळेवर दारांत यावें तसा तो आनंद असतो. गवई समेपासून दूर दूर जातो, आतां हा चुकणार असें वाटूं लागतें, आणि तो अचूक समेवर येतो, तेव्हां सारी मैफल एकदम मान हलविते. ती मान कोणी कोणास शिकविलेली नसते. ही अपेक्षा माणूस जन्मतःच घेऊन येतो असें दिसतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या अर्भकांना तालवाद्याचे ठेके ऐकविण्यांत आले आणि त्यांच्या मेंदूंतील विद्युत्स्पंदनांची नोंद घेण्यांत आली. मधूनच आवर्तनांतील पहिली थाप गाळली, कीं त्या नोंदींत फरक दिसे. ज्याला अजून आईची ओळख पुरती पटलेली नाहीं, त्याला सम चुकलेली कळते!

म्हणून ठेक्याचा आनंद हा चैनीचा आनंद नव्हे. जेथें ओझें आहे तेथें त्याचा जन्म झाला. केरव्याची चाल कोणाची तें सांगावयाचें राहिलें होतें. केरव्याचें हिंदी नांव ‘कहरवा’. आणि हिंदी कोशकार तें ‘कहार’ या शब्दावरून व्युत्पादितात. कहार म्हणजे उत्तरेकडील पालखी वाहणारे लोक, आपल्याकडील भोयांसारखे. खांद्यावर पालखी असतां चौघांचीं पावलें एकदम पडलीं नाहींत, तर आंतल्या माणसाला धक्के बसतात आणि वाहणारांचे खांदे सोलतात. पावलें एका ठेक्यांत पडलीं कीं ओझें वांटलें जातें. आज लग्नाच्या वरातींत ज्या ठेक्यावर पोरें नाचतात, त्याच्या नांवांत ओझें वाहणारांची आठवण आहे. आपल्याकडेहि निराळें नाहीं. जात्यावर बसलेल्या दोघी जणी खुंटा फिरवीत ओवी म्हणत, ती करमणूक म्हणून नव्हे. जात्याच्या एका फेऱ्याला ओवीचा एक चरण टेकला कीं हाताला हात मिळे आणि पायलीभर दळण उरके. होडी ओढणारे कोळी, धान्य कांडणाऱ्या बायका, पंढरीच्या वाटेनें टाळांवर पावलें टाकणारे वारकरी, या सर्वांना ठेक्यानें तोच आधार दिला आहे. श्रमाला जेथें टेकावयास जागा मिळाली, तेथें श्रमाचें गाणें झालें.

शाळेंतील अनुभवाबद्दल थोडें बोलतों. कविता पाठ म्हणावयास सांगितली कीं बहुतेक मुलें धांवत सुटतात. लवकर संपवावें, चुकण्याच्या आधीं संपवावें, असा त्यांचा बेत असतो. अशा म्हणण्यांत वेग असतो, पण ठेका नसतो, आणि म्हणून आनंदहि नसतो. माझ्या वर्गांत एक मुलगा फार अडखळत बोलत असे. पहिलेंच अक्षर त्याच्या ओठांवर अडे, मुलें हंसत, आणि मग तो दिवसभर तोंड उघडीत नसे. एकदां सबंध वर्गाला मीं बाकावर हलक्या हातानें ठेका धरावयास सांगितलें, आणि कविता सर्वांनीं मिळून म्हणावयाची ठरविली. तिसऱ्या कडव्याला मीं खूण करून बाकीच्यांना थांबविलें. हात मात्र चालू ठेविले. तो मुलगा एकटाच पुढें म्हणत गेला. एकहि अक्षर अडलें नाहीं. आपण एकटे म्हणत आहों हें त्याच्या ध्यानांत आलें तें कडवें संपल्यावर. वर्गांत कोणी हंसलें नाहीं. यांत माझी कांहीं करामत नव्हती. ठेक्यावर बोलतांना तोतरेपणा पुष्कळ कमी होतो, हें वाचादोषांवर उपचार करणारांना चांगलें ठाऊक आहे. तें औषध नव्हे. गद्य बोलतांना तो मुलगा पुढेंहि अडखळत असे. पण त्या दिवसापासून कवितेच्या तासाला त्याचा हात पहिल्यानें वर होऊं लागला. पुढचा शब्द टेकावयाला जागा आहे, एवढा भरंवसा त्याला मिळाला होता.

हा भरंवसा देणारा माणूस मैफलींत मात्र मागें बसतो. ‘त्यानें काय, नुसता ठेका धरला’, असें आपण तबलजीविषयीं सहज बोलून जातों. विलंबित ख्यालाचा एकेक फेरा लांबच लांब असतो. तेवढा वेळ, मात्रा न ढळतां, आपलें कसब आवरून, दुसऱ्याच्या गाण्याला जमीन धरून ठेवणें हें नुसतें काम नव्हे. ज्याला ठेका धरतां येतो त्याला स्वतःची हौस थांबवितां येते. आतां विजेच्या यंत्रांतूनहि ठेका निघतो. घरीं रियाज करणाराला त्याचा मोठा उपयोग आहे आणि त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्राला गवयाचा श्वास संपत आला हें कळत नाहीं. माणसाला कळतें, आणि तो केसभर सांवरून घेतो. पालखीखालचा भोई जसा शेजाऱ्याचा पाय घसरतांना ओळखतो, तसेंच हें आहे.

श्रोतेहो, शब्दाचें मूळ कळल्यानें गाणें गातां येतें असें नाहीं. पण कान कोठें द्यावा हें कळतें. पुढच्या वेळीं एखादी चाल ऐकून आपला पाय हलूं लागला, तर चाल किती जलद आहे हें न पाहतां, ती कोठें टेकते आहे तें पाहा. त्या जागेवर हळूच टाळी द्या, आणि खालीवर हात मोकळा सोडा. घरांत लहान मूल असेल तर त्याला कविता शिकवितांना ‘लवकर म्हण’ असें सांगूं नका. त्याच्यासमोर बसून ठेका धरा, आणि त्याला आपल्या पायांनीं त्या फेऱ्यांत येऊं द्या. तें एकदां समेवर आलें, कीं पुढचें कडवें तें आपण होऊन म्हणेल.